यापैकी नाही

रात्री अकराला, यांत्रा नदीवर धुकं बसलं की
योर्दांका मिन्चेवा चष्म्यावर दुसरा चष्मा चढवते
आणि परीक्षेला बसते.
हॉलतिकीट नाही, पर्यवेक्षक नाही,
दहा प्रश्न, प्रत्येकी तीस सेकंद,
नापास झालं तर घरी सांगायचं नाही.
घरी तसंही कोण आहे.

एकतीस वर्षं तिनं कारखान्यात डाख दिला.
कथलाचा थेंब चकाकला की पुढचा पाय,
पुढचा चकाकला की त्याच्या पुढचा,
राळेचा धूर केसांत घेऊन घरी यायची.
काय जोडतेस, का जोडतेस
हे तिला कुणी विचारलं नाही.
आता रोज कुणीतरी विचारतं.
तिला आवडतं ते.

कपॅसिटर उलटा जोडला तर काय होईल?
तिला पेन्काची डावी भुवई आठवते,
एकोणऐंशीचा मार्च, लग्नाला आठ दिवस.
फट्‌ असा आवाज, आणि भुवई गेली.
बायकांनी पेन्सिलीनं दुसरी काढून दिली,
जरा वर चढली ती.
लग्नाच्या फोटोत पेन्का अजून
नवऱ्याकडे बघून चकित आहे.
योर्दांका एकटीच हसत बसते
आणि तीस सेकंद संपतात.
उत्तर दिले नाही. गुण शून्य.

शून्याचं तिला आता वाईट वाटत नाही.
तळमजल्यावरचा कालोयान, वय वर्षं पंधरा,
त्यानं जिन्यात उभ्या उभ्या समजावलं:
लेल्या योर्दांका, प्रोग्राममध्ये पहिली वस्तू
शून्यावर असते.
मग तिनं बटाटे शून्यापासून मोजले.
जिन्याच्या पायऱ्या मोजल्या.
स्तोयनला जाऊन किती वर्षं झाली तेही मोजलं,
बोटं सात उघडली,
शेवटच्या बोटावर आकडा आला सहा.
बरं वाटलं.

हे चक्र केव्हा थांबेल?
असा एक प्रश्न हमखास येतो.
चार पर्यायांत भोंग्याचं नाव नसतं.
ती ‘यापैकी नाही’ दाबते, चुकते,
आणि मत बदलत नाही.

बिस्किटांच्या डब्यात रेझिस्टर आहेत, तांदळाएवढे.
टेबलावर अर्धा रेडिओ, त्यावर विणलेला रुमाल.
दोन वर्षांपासून अर्धाच.
डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हापासून
तपकिरी, लाल, नारिंगी
तिन्ही पट्ट्या एकाच चहात बुडाल्यात,
कोणता कितीचा, देव जाणे.
डॉक्टर म्हणतात नोव्हेंबर.
मागच्या वर्षीही नोव्हेंबरच म्हणाले होते.
गोंधळलेला रेझिस्टर ती जिभेवर ठेवून बघते कधी,
वेडेपणा, पण बघते.

आणि काल सातव्या प्रश्नाला
पडद्यावर चित्र आलंच नाही.
लोड होत नसेल. नुसते शब्द होते,
काळ्यावर पांढरे, बोटाएवढे मोठे:
पिवळा, जांभळा, नारिंगी.
किती ओहम?

सत्तेचाळीस हजार,
हात आधीच बटणावर गेला होता.
दोन सेकंद लागले फार तर.
उरलेल्या अठ्ठावीस सेकंदांचं काय करायचं
हे कुठल्या पर्यायात लिहिलेलं नव्हतं.
तिनं ‘पुढे’ दाबलं नाही.
पिवळा म्हणजे तो, सकाळच्या पाळीच्या बसचा.
जांभळा पेन्काच्या ओठांचा, तेव्हा फॅशन होती.
नारिंगी, नारिंगी...
घड्याळ तिच्यासाठी उलटं मोजत होतं,
नऊ, आठ,
आणि ती खुर्चीत सरळ बसून
एकेक रंग पुन्हा वाचत होती, ओठ हलवत,
शून्य येईपर्यंत.